काळ्या वावरातला फॅट टायर

“सलीमभाई, इथं सही करा आणि विषय संपवा,” शेठ म्हणाले आणि लॅपटॉप माझ्याकडं फिरवला.

पुण्याहून कंपनीची मेल आली होती. जळालेली मोटर वॉरंटीत बसत नाही. कारण एका ओळीत दिलं होतं: रायडर मिसयूज. म्हणजे गाडी चालवणाऱ्यानं ती वाट्टेल तशी वापरली. खाली सर्व्हिस हेड म्हणून माझी सही हवी होती. गाडी सकाळीच टेम्पोतून आली होती आणि मी तिचा एक नटसुद्धा खोलला नव्हता. पेशंट बघण्याआधीच डॉक्टरनं सही करावी, असा हा प्रकार.

परभणीत एका इलेक्ट्रिक बाइक डीलरकडं मी वर्कशॉप सांभाळतो. त्याआधी वीस वर्षं पेट्रोलच्या गाड्या खोलल्या. ही गाडी फॅट टायरची होती. चार बोटांहून जाड टायर, मोटर मागच्या चाकातच बसवलेली. एका संस्थेनं आमच्याकडून अशा बारा गाड्या घेतल्या होत्या. संस्थेची माणसं गावोगाव वावरांत जाऊन कापूस-सोयाबीनवरची कीड बघतात. जळालेली गाडी पोखर्णीकडच्या मंगलताईंची होती.

मंगलताई वर्कशॉपच्या बाकड्यावर बसून होत्या. मी बाहेर आलो तशा उठून उभ्या राहिल्या.

“भाई, मी काय बी केलं न्हाई. रोज फडक्यानं पुसते गाडी. आता संस्थेचे साहेब म्हणायलेत, चूक तुझी निघाली तर काम बंद.”

“निघेल तेव्हा बघू. बसा तुमी.”

“दोन वर्सं झाली, ऊसतोडीला कोयता धरला न्हाई. ह्या कामामुळं लेक एका शाळेत टिकली. काम गेलं तर दसऱ्यानंतर पुन्हा टोळीसंगं जावं लागंल, आन तिला बी न्यावं लागंल.”

एवढंच बोलून त्या बसल्या. रडल्या नाहीत, हात जोडले नाहीत. त्यांनी रडून घेतलं असतं तर माझा राग थोडा कमी झाला असता.

मी मागचं चाक खोललं. मोटरच्या आतल्या तारांचं वेटोळं काळं पडलं होतं. मग कंट्रोलरचा लॉग काढला. कंट्रोलर म्हणजे गाडीचा मेंदू. कधी किती अॅक्सिलरेटर पिळला, चाक किती फिरलं, सगळं तो लिहून ठेवतो आणि नेटवरून पुण्यालाही पाठवतो. त्यात स्पष्ट दिसत होतं: अॅक्सिलरेटर पूर्ण, चाकाचा स्पीड शून्य. एकदा नाही, पाच-सहा वेळा. पुण्यातल्या साहेबांनी यावरून काय काढलं, तर बाईनं ब्रेक दाबून धरला आणि अॅक्सिलरेटर पिळत बसली. कशासाठी बसेल? करमत नव्हतं म्हणून?

मी मडगार्ड काढलं. आत काळी माती दगडासारखी भरून वाळलेली. ती काढायला मला छिन्नी घ्यावी लागली.

“ताई, गाडी कुठं अडकली होती?”

“वावरातच की. दोन दिवस पाऊस झालता. मी साहेबाला म्हणलं, वाफसा न्हाई, गाडी बांधावर लावते आन पायी जाते. तर म्हणाले, गाडीचा जीपीएस वावरात दिसला न्हाई तर व्हिजिट धरणार न्हाई. आन म्हणाले, गाडी ऑल टेरेन हाय, कुठं बी जाती.”

वाफसा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसानंतर काळी जमीन चिकट होते. तिच्यातलं जादाचं पाणी जिरून ती पाय ठेवण्याजोगी झाली, की वाफसा आला म्हणतात. तोवर आमच्या भागात कुणी वावरात बैल घालत नाही, औत घालत नाही. ट्रॅक्टरवाला पायावर पैसे ठेवले तरी येत नाही. आणि इथं एका बाईला वाफसा नसताना गाडी घालायला लावली, तीही मोबाइलमधल्या एका टिकमार्कसाठी.

“ऑल टेरेन, कुठंबी जाती” हे वाक्य ऐकून मी मात्र खाली बघितलं, कारण ते माझं होतं. मे महिन्यात कंपनीनं येलदरीला, धरणाच्या खाली नदीच्या कोरड्या पात्रात डेमो ठेवला होता. टायरमधली हवा मीच दहा पौंडांवर आणली होती. हवा कमी केली की जाड टायर पसरतो आणि रेतीत रुतत नाही. रस्त्यावर वीस पौंड, मुरमावर पंधरा, रेतीत दहा, असा साधा हिशोब. गाडी रेतीतून लोण्यातून सुरी जावी तशी गेली. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या, आणि माइक हातात आल्यावर ते वाक्य बोलून गेलो. काळ्या मातीत कुणीच चालवून बघितली नाही. मे महिन्यात काळ्या रानाला भेगा असतात, तिथं सायकलसुद्धा पळते. जन्म इथं गेला तरी हे माझ्या डोक्यात आलं नाही.

मी सही केली नाही. शेठ वैतागले.

“कंपनीशी वाकडं घेऊन आपल्याला धंदा करायचाय का?”

“शेठ, त्यांचा माणूस इथं बोलवा. वावरात गाडी त्यानं चालवावी. चालली तर सही करतो, वर माफी मागतो.”

चार दिवसांनी कंपनीचे निखिलसर आले. वय तिशीच्या आत, बोलायला गोड, बूट पांढरे. मधे दोन दिवस पाऊस चांगला लागून राहिला होता. नवी गाडी टेम्पोत घालून आम्ही पोखर्णीजवळच्या त्याच वावरावर गेलो. संस्थेचे साहेबही आले होते. मंगलताई बांधावर उभ्या होत्या.

रस्त्यावर निखिलसरांनी गाडी मस्त पळवली. गाडीवाटेच्या मुरमावर घसरली नाही. वावराच्या तोंडाशी त्यांनी माझ्याकडून हवा दहा पौंड करून घेतली. तेवढ्यात मंगलताई वाकल्या, मूठभर माती घेतली, दाबून गोळा केला आणि खाली टाकला. गोळा फुटला नाही, नुसता चपटा झाला.

“वाफसा न्हाई साहेब. आज जाऊ नका.”

निखिलसर हसले. “ताई, ही टेक्नॉलॉजी त्याच्यासाठीच आहे.”

आणि त्यांनी गाडी आत घातली.

पहिली दहा पावलं ठीक. मग टायर माती उचलायला लागला. इथं जाडी हाच तोटा. बारीक टायर थोडी माती उचलतो, जाड टायर पाटीभर उचलतो. प्रत्येक फेऱ्याला थर वाढत गेला. टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा, ती भरली. चाळीस पावलांवर चाक गच्च झालं. निखिलसरांनी तेच केलं जे कुणीही करेल. अॅक्सिलरेटर पूर्ण पिळला. चाक इंचभर हललं आणि थांबलं. पुन्हा पिळला. जाम चाकाला वीज तोडणारं प्रोटेक्शन गाडीत आहे, पण चाक इंचभर जरी हललं तरी ते परत शून्यापासून मोजायला लागतं. जळका वास बांधापर्यंत आला. मी चिखल तुडवत गेलो आणि चावी बंद केली.

तिथंच उभं राहून मोबाइलवर लॉग उघडला आणि मोठ्यानं वाचला. “अॅक्सिलरेटर पूर्ण, स्पीड शून्य. सहा वेळा. सर, काय लिहू? रायडर मिसयूज?”

निखिलसर खाली वाकले होते. एक बूट मातीत राहिला होता, तो ओढत होते. मंगलताईंनी बांधावरून काडी आणून दिली आणि माती कशी खरडायची ते दाखवलं. मी त्यांच्या जागी असतो तर मला एवढी माणुसकी सुचली नसती.

संस्थेचे साहेब पुटपुटले, “मला वाटलं, कंपनी म्हणते तर चालत असेल.”

“ह्या ताईंनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं,” मी म्हणालो. “ह्या तुमच्याच पगारावर आहेत ना? मग कंपनीचं ऐकलं आणि ह्यांचं का नाही?”



रिपोर्टच्या फॉर्ममध्ये दोनच चौकटी होत्या: कारखान्याचा दोष आणि रायडर मिसयूज. मी दोन्ही खोडल्या आणि खाली लिहिलं, “वाफसा नसताना गाडी वावरात घालायला लावली. रायडरनं आधी नाही म्हटलं होतं.” मग सही केली. पुण्याहून फोन आला, वाफसा म्हणजे नेमकं काय. म्हटलं, निखिलसरांना विचारा.

मोटर वॉरंटीत बदलून मिळाली. मडगार्ड दोन बोटं वर गेलं. संस्थेच्या मोबाइलमध्ये आता व्हिजिटच्या आधी एक प्रश्न येतो: वाफसा आहे का? नाही म्हटलं की गाडी बांधावर लावून पायी गेलेलं चालतं. मंगलताईंचं काम टिकलं. दसऱ्यानंतर टोळ्या निघाल्या तेव्हा त्या लेकीला गाडीवर बसवून शाळेत सोडत होत्या, डांबरी रस्त्यानं. माफी मात्र त्यांच्याकडं कुणी मागितली नाही. माइकवरच्या वाक्याची मी मागितली, तर म्हणाल्या, “जाऊ द्या भाई, आता टायरमधली हवा बघा.”

कंपनीच्या पत्रकावर ऑल टेरेन अजून तसंच छापलेलं आहे. निखिलसरांच्या त्या चाळीस पावलांच्या लॉगची प्रिंट मी वर्कशॉपच्या भिंतीला लावली आहे. रायडर मिसयूजची मेल आली की मी उत्तर लिहीत नाही, त्या प्रिंटचा फोटो पाठवतो.