फालशाची वरची ओळ

काल तलासरीला जे झालं ते लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तिथे आमचा उताराचा एक तुकडा आहे. रेल्वेतून रिटायर झाल्यावर बाबांनी त्यावर फालशाची ऐंशी झुडपं लावली, अगदी वरच्या ओळीपासून सुरुवात करून. मग त्यांचे गुडघे गेले... आणि झुडपं जगवायचं काम माझ्याकडे आलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे शहाणपणा जरा जास्तच. दिवाळीनंतर स्वतः उभं राहून ड्रिप बसवलं. खाली रस्त्यालगत बोअरवेल, तिथून नळ्या सरळ वर नेल्या. दिसायला काय सुरेख!

शेजारच्या शेतातल्या जिवलीकाकी तेव्हाच म्हणाल्या होत्या, उतारावर बांध घालतो तशा नळ्याही आडव्या टाक. मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, यांना ड्रिपमधलं काय कळतंय... अक्कल गहाण टाकली होती मी, दुसरं काय.

शनिवार-रविवार जायचं, मोटर लावायची, खालच्या ओळीचा फोटो काढून डहाणूला बाबांना पाठवायचा. वर चढायचा कंटाळा. वरपर्यंत पाणी पोचावं म्हणून मोटर तेवढी जास्त वेळ चालू ठेवायचे, की झालं.

काल मोटर लावली आणि बाबांचा फोन आला... वरच्या ओळीचा फोटो पाठव म्हणाले. म्हणून चढले.

वरच्या चार ओळींत नुसत्या काड्या. हात लावला की मोडत होत्या. नळीला हात लावून पाहिला, ती कोरडी. सगळं पाणी खालीच संपत होतं, आणि खाली इतका चिखल की तिथलीही झुडपं पिवळी पडायला लागली होती. हे मला आधीच दिसलं होतं. फोटोत मी ती पिवळी झुडपं टाळायचे... खोटं कशाला बोलू.

तिथेच बसून बाबांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. सांगताना रडू आवरेना. दोन वर्षं जपलेली त्यांची झाडं मी पाच महिन्यांत घालवली होती.

बाबा एवढंच म्हणाले, “मोटर बंद केलीस का गं?”

केली नव्हती.

मी तशीच धावत खाली उतरले. आता निदान खालची तरी वाचतात का, बघायचं. उद्या जिवलीकाकींकडे जाऊन नळ्या कशा टाकायच्या ते विचारणार आहे, त्या काय बोलायचं ते बोलू देत.

पण बाबा, तुम्ही मला रागावला असतात ना, तर फार बरं झालं असतं...