वंशावळीत नसलेली आत्या

मंडळी, आमच्या घराण्याची वंशावळ जुळवायला आज नगरच्या कोर्टात गेलो होतो. बरोबर पाथर्डीची आत्या, वडिलांची सख्खी बहीण. जुन्या कागदांत आपल्या बापाचं नाव एकदा ऐकायचंय म्हणून हट्टानं आलेली.

बहात्तर सालच्या जमिनीच्या दाव्यात वडिलांनी शपथेवर दिलेली जबानी कारकून मोठ्यानं वाचू लागला. "मी एकटाच वारस. मला बहीण नाही."

मी खुणेनं त्याला थांबवलं, पण आत्यानं ऐकलं होतं.

"त्या सालीबी भाऊबीजेला गेल्ते की मी," ती म्हणाली. "मग ओवाळलं कुनाला रं?"

वडील आता नाहीत. जमीन माझ्या नावावर आहे, म्हणजे उत्तरही मीच द्यायचं.

तुमच्या वंशावळीत आत्यांची नावं आहेत का हो?