आवाज न करणारी मोटर : दातिवरे ते बोयसर आणि परत

बाबांचा उजवा खांदा निखळला, त्या दिवसापासून आमची छोटी होडी दातिवऱ्याच्या खाडीकाठी उपडी पडून होती. खांदा बसला, पण वल्हे मारण्याची ताकद काही परत आली नाही. माझ्या धाकट्या काकांची मोठी डिझेल बोट आहे. एके दिवशी ते म्हणाले, "दादा, दिवाळीनंतर होडी मला दे. मशीन बसवतो आन चालवतो." खाडीतल्या तिवरांच्या झाडांमधल्या अरुंद वाटांत डिझेलचे मशीन शिरले की जिताडा मासा पार समुद्राकडे पळतो, हे दोघांनाही ठाऊक होते. शिवाय होडी गेली, तर बाबांच्या वाट्याला दुसऱ्याच्या अंगणात जाळी शिवणे उरणार होते.

पालघरच्या कॉलेजच्या वाचनालयात मी बॅटरीवर चालणाऱ्या होडीच्या मोटरीविषयी एक लेख वाचला होता. बोयसरच्या औद्योगिक वसाहतीत बागांमधल्या तळ्यांतील होड्यांसाठी अशा मोटरी तयार करणारा एक कारखाना आहे, असे आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांनी सांगितले. रात्री जेवताना, मान ताटात घालून, मी ते घरात बोलून दाखवले.

"पुस्तकातली मोटर खाडीत चालंल का?" काका हसले. "चल, मी पण येतो. मला पटली नाय, तर होडी माझी."

बाबांनी मान हलवली. ठरले!

दातिवऱ्याहून सफाळे स्थानकापर्यंत सकाळची एस.टी. सोयीची पडते. उजव्या बाजूची खिडकी मिळाली तर उत्तम, कारण ऊन डाव्या खिडकीपेक्षा तिकडे उशिरा येते, असे मी मनाशी मांडले होते. प्रत्यक्षात रस्ता इतका वळतो की ऊन दोन्हीकडे सारखेच. निघताना मी आईचा मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा पिशवीत टाकला. आई म्हणाली, "बोयसरला काय मावरा विकतंस काय गो?" मी कारण सांगितले नाही. मनातली योजना बोलून दाखवली की ती माझ्या हातून हमखास फसते.

सफाळ्याहून शटल गाडी. पालघरला बराच डबा रिकामा झाला, तशी आम्हा तिघांना पाय पसरून बसायला जागा मिळाली. उमरोळीच्या आसपास भाताची शेते पिवळी पडू लागली होती आणि मधूनच ताडांच्या ओळी दिसत होत्या. आईने दिलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी आम्ही तिथेच उघडली. समोरच्या बाकावरील गृहस्थ नाकाला रुमाल लावून बसले. काकांनी त्यांच्याही पुढे भाकरी धरली आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी ती घेतली.

बोयसर स्थानकाबाहेर वसाहतीकडे जाणाऱ्या रिक्षा माणशी पैसे घेतात. भरल्याशिवाय हलत नाहीत. हवेत रसायनांचा आंबूस वास, रस्त्यावर ट्रकांची रांग आणि कानावर सगळीकडे हिंदी. कारखान्याचे शेठ अगत्यशील निघाले. पंप तपासण्यासाठी बांधलेल्या सिमेंटच्या हौदाजवळ त्यांनी आम्हाला नेले आणि मिस्त्रीकडून दोन मोटरी पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर लावून घेतल्या.

पहिली सुरू होताच हौदभर पाणी उसळले. ती अशी किंचाळली की शेजारच्या शेडमधले कामगार डोकावले. काका खूश झाले. "बघ दादा, कशी बोलते! हीच घ्यायची." दुसरीची पाती रुंद आणि फिरणे संथ. तिचा आवाज जवळजवळ नव्हताच. काकांनी कान पुढे केला. "चालू हाय का मेली?"

आमच्या गावात इंजिन कानाने निवडतात. किनाऱ्यावर उभे राहून, न पाहता, कोणाची बोट येते आहे आणि तिच्यात किती दम आहे, हे आवाजावरून सांगतात. डिझेलच्या बाबतीत त्यांचे सहसा चुकतही नाही. बाबांनीही पहिल्या मोटरीकडेच बोट केले. आता मी बोलले नसते, तर सगळे संपले असते.

"काका, आवाज ऐकू नका. ओढ बघा," मी म्हटले आणि पिशवीतून काटा काढला.

मिस्त्री हसला. "बेटी, मोटर तौलोगी क्या? मच्छी है ये?"

"मोटर नाही, तिचा जोर," मी म्हटले. माझे कान तापले होते, तरी मी तरंगती फळी दोरीने काट्याला बांधली आणि काटा हौदाच्या कडीला अडकवला. किंचाळणाऱ्या मोटरीने काटा एका मध्यम घोळ माशाच्या वजनापर्यंत नेला. मुक्या मोटरीने त्याच्या दुपटीच्या पुढे.

"काटा बिघडलाय," काका म्हणाले.

"तुझ्या वयनीचा काटा हाय," बाबा म्हणाले. "तिला जाऊन सांग, बिघडलाय म्हणून."

काकांनी काटा काढला आणि दोरी स्वतःच्या मुठीत धरली. मिस्त्रीने मुकी मोटर पूर्ण जोरात सोडली, तसे काका दोन पावले पुढे ओढले गेले आणि गुडघ्यापर्यंत हौदात उतरले. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. ओल्या पँटीनिशी बाहेर येत काका एवढेच म्हणाले, "पोरी, बांध ही."

ज्यांना अशी मोटर घ्यायची असेल, त्यांच्यासाठी थोडे लिहिते. दांडा गंजरहित पोलादाचा मागावा; साधे लोखंड खाऱ्या पाण्यात टिकत नाही. दांडा इतका लांब हवा की होडी डुलली तरी पाती पाण्याखाली राहतील. बॅटरी ट्रकची चालते, पण ती होडीच्या मध्यभागी ठेवावी. सगळा खर्च एका जुन्या स्कूटरएवढा होतो. परतताना सामानाच्या डब्यातूनच यावे.

खरी परीक्षा ओहोटीची होती. दुसऱ्या दिवशी, पाणी जोरात उतरत असताना, बाबांनी होडी प्रवाहाच्या विरुद्ध घातली. मोटरीचा मुठा एका हाताने वळतो. बाबा तो डाव्या हाताने धरून बसले होते. मी नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकाला, होते. वळणावर, जिथे पाण्याची ओढ सर्वांत तिखट, होडी जागीच थांबली.

"थांबली रे!" काठावरून काका ओरडले. त्या आवाजात आनंद होता की दुःख, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

मी मागे पाहिले. पाती अर्धवट पाण्याबाहेर फिरत होती. माझ्या वजनाने होडीचे तोंड दबले होते आणि मागची बाजू उचलली गेली होती! मी रांगत बाबांच्या पायाशी जाऊन बसले. पाती बुडाली. होडी क्षणभर थरथरली आणि वळण चढून गेली. काठावरचे लोक मागे पडले. तिवरांच्या वाटेत शिरलो, तेव्हा हाताच्या अंतरावर बसलेला बगळासुद्धा उडाला नाही. बाबांनी गळ टाकला आणि मला खुणेने गप्प बसवले. थोड्याच वेळात माझ्या हाताहून लांब जिताडा होडीत आपटत होता. काकांनी तो काठावर उचलून पाहिला आणि होडीचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त जाताना विचारले, "त्या शेठकडं अजून एक असंल का?"

आता या प्रवासातून माझ्याजवळ काय राहिले, ते सांगते. चारचौघांत बोलल्यावर माझे कान तापतात, आणि तरीही माणसे ऐकतात, हे मला कळले. परंतु सर्वांत मोठी गोष्ट परवा पहाटे घडली. मोटर बसल्यापासून रोज जाते तशी, मोटर अडलीच तर म्हणून वल्हे हातात घेऊन, मी बाबांच्या सोबतीला खाडीवर गेले, तर होडी नव्हती. शेजारची मावशी जाळे झटकत होती. "तुझा बापूस?" ती म्हणाली. "मी इथंच हाय कवाची. गेला कधी, मला नाय कळला."

दूर वळणावर बाबांची पाठ दिसत होती. होडीत ते एकटेच होते. मी वल्हे खांद्यावर टाकले आणि घरी येऊन कॉलेजची तयारी केली.