ब्रेक दाबला की मोटर थांबते

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. गेल्या पावसाळ्यात अपघात झालेली एक इलेक्ट्रिक सायकल टेम्पोतून माझ्या नंदुरबारच्या दुकानात आली. ती पाहायला कुणी यायच्या आत मी हँडलखालची चिकटपट्टी सोलली आणि सुट्या ठेवलेल्या दोन तारा परत जोडून टाकल्या. महिनाभरापूर्वी त्या सुट्या करणाराही मीच होतो. या दोन कामांच्या मध्ये एक म्हातारी बाई मेली.

फेब्रुवारीत त्याच सायकलवर बसून मी तिच्या गावाला गेलो. जाण्याआधी दुकानात त्या तारा पुन्हा सुट्या केल्या. त्या म्हातारीची सून एस्तेरबाई, जिची ही सायकल, ती जशी चालवत होती तशीच मला चालवून बघायची होती.

आधी तारांचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. इलेक्ट्रिक सायकलच्या ब्रेकच्या दांडीत एक छोटा स्विच असतो. दांडी दाबली की तो मोटरचा प्रवाह तोडतो. पावसाचं पाणी आत गेलं की कधी कधी तो अडकतो. मग मोटरला वाटतं ब्रेक दाबलेलाच आहे, आणि गाडी मेल्यासारखी उभी राहते. एस्तेरबाई तशीच भिजत माझ्याकडे आली होती. नवी दांडी यायला चार दिवस लागणार होते. ती गावची आशाताई, घरोघरी जाऊन बाळंतिणी आणि आजारी माणसं बघणारी, तिला त्याच दिवशी परत जायचं होतं. मी तारा काढल्या, पट्टी मारली, चाक फिरलं. "झालं, चालवा," म्हटलं.

एवढंच म्हटलं. सायकल विकताना मात्र मीच तिला शिकवलं होतं, "ताई, घाबरायचं नाही. ब्रेक दाबला की मोटर आपोआप थांबते." ते आता खरं राहिलेलं नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. दुकानात गर्दी होती म्हणावं, तर तीही नव्हती.

सकाळी गारव्यात निघालो. बॅटरी भरलेली, हवा तपासलेली. लोक सायकल घ्यायला येतात तेव्हा दोनच गोष्टी विचारतात, एका चार्जिंगमध्ये किती चालते आणि चढ चढते का. उतरते कशी, हे कुणी विचारत नाही. तुम्ही घेणार असाल तर आधी ब्रेक बघा, मग बॅटरी. डोंगरात राहत असाल तर महिन्याला एकदा ब्रेकचे पॅड काढून बघा. पाण्याचा पाइप हँडलवर मारू नका, फडक्याने पुसा. हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं.

खांडबाऱ्याच्या अलीकडे मागचं चाक पंक्चर झालं. बाभळीचा काटा. मोटर मागच्याच चाकात असते, म्हणून चाक खोलणं म्हणजे ताराही खोलणं आलं. मी चाक खोललं नाही. सायकल आडवी केली, टायर एका बाजूने सोडवून ट्यूबचा तेवढाच भाग बाहेर ओढला आणि ठिगळ लावलं. तोपर्यंत ऊन वर आलं होतं. रेल्वेलाइनवरून एक मालगाडी गेली. ती संपेपर्यंत मी हातातला पंप तसाच धरून उभा होतो. तेव्हा परत फिरावंसं वाटलं, हे लपवत नाही.

खांडबाऱ्यात बाजाराचा दिवस होता. चहाच्या टपरीपुढे सायकल लावली तसा बाकावरच्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "भाऊ, हाई सायकल शे का फटफटी?" (ही सायकल आहे की मोटरसायकल?)

मोटरही आहे आणि पायडलही मारावं लागतं, असं मी सांगितलं.

"मंग बैल बी जुपेल शेतस, नि तू बी गाडं वढी ऱ्हायना." (मग बैलही जुंपलेत आणि तूही गाडं ओढतोयस.)

बाकावरचे हसले, मीही हसलो. मग त्याने कुठे निघालात विचारलं. गावाचं नाव ऐकून तो जरा सरसावून बसला. "तठे एक डोकरी सायकलवरथीन पडीसन मरी गयी. बाईमाणूसना हातमा मोटर दिधी, मंग काय व्हई?" (तिथे एक म्हातारी सायकलवरून पडून मेली. बाईमाणसाच्या हातात मोटर दिली, मग काय होणार?)

इतक्या लांबवर बाजारातसुद्धा हे असंच सांगितलं जातं, ते मला तेव्हा कळलं. चहा संपवला आणि पैसे देऊन निघालो.

पुढे डोंगर सुरू होतो. सागाची पानं गळालेली, रस्ता अरुंद, मधून मधून शेतांत तुरीच्या काड्यांचे ढीग. गावाच्या अलीकडे अपघाताचा तो उतार आहे. खाली फरशी पूल, कठड्याशिवायचा. एस्तेरबाईच्या मागे कॅरिअरवर तिची सासू बसली होती, दोघी दवाखान्यातून घरी परत येत होत्या. पाऊस चालू होता, आणि उतारावर सायकल आवरली नाही.

मी वरून सायकल सोडली. उजव्या मुठीने मोटरला जोर दिला आणि मूठ तशीच ठेवून ब्रेक दाबला. ब्रेक चाकाला धरत होता, मोटर चाकाला ढकलत होती. दावं ताणून जनावर पुढे ओढ घेतं तशी सायकल ओढत होती. पॅड जळल्याचा वास आला. मूठ सैल करायची, एवढंच करायचं होतं. पण भीती वाटली की माणसाची मूठ आवळते. मी या धंद्यात मुरलेला, रस्ता कोरडा, मागे कुणी नाही, तरी माझी मूठ उघडली नाही. शेवटी पाय टेकवत, कोपर खरचटून घेत, मी पुलाच्या अलीकडे कडेच्या मातीत घुसून थांबलो. मग उठून सायकल ढकलत पूल ओलांडला.

घर सापडायला अडचण आली नाही. अंगणात तिचा नवरा, रुबेनभाऊ, काठीने तूर झोडपत होता. मला पाहून त्याने काठी टाकली आणि बाज ओढली. कोपराला हळद लावून दिली. त्याच्या लेखी मी खरं सांगणारा माणूस होतो. अपघातानंतर तो, एस्तेरबाई आणि गावातला एक जण दुकानात आले होते. ती एकच सांगत होती, मी ब्रेक दाबला पण मोटर थांबली नाही. मी सायकलचं मागचं चाक उचललं, मोटरने फिरवलं, ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं, कारण तारा जोडलेल्या होत्या आणि अडकलेला स्विच तोवर सुकून मोकळा झाला होता. गाडीत दोष नाही, असं मी म्हटलं. तेव्हा रुबेनभाऊने बायकोकडे पाहिलं होतं. ते पाहणं मी विसरलेलो नाही. ती सायकल त्याने घरी नेलीच नाही.

नागलीची भाकरी, लसणाची चटणी, उकडलेल्या तुरीच्या शेंगा. एस्तेरबाईने वाढलं. ती आता सगळे पाडे पायी फिरते, टाचांना भेगा पडल्या होत्या. जेवताना रुबेनभाऊ म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही तेव्हा खरं बोलला, बरं झालं. नाहीतर आम्ही उगाच दुसऱ्यावर आळ घेतला असता."

मग त्याने सांगितलं की एस्तेरबाईने नाताळाच्या आधी प्रार्थनाघरात साक्ष दिली. त्यांच्या मंडळीत (चर्चच्या लोकांत) माणूस उभा राहून आपल्या आयुष्यातलं सांगतो, त्याला साक्ष म्हणतात. ती सगळ्यांसमोर म्हणाली की मला सायकलचा गर्व झाला होता, मी घाई केली, माझ्या हातून सासू गेली. मंडळीने तिच्यासाठी प्रार्थना केली.

"मीपण माफ केलं," तो म्हणाला. ती तिथेच उभी होती, माझ्या पेल्यात पाणी ओतत. पेला भरला तरी तिचा हात थांबला नाही, पाणी माझ्या ताटात सांडलं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी घास गिळला. थोड्या वेळाने रुबेनभाऊ बैलांना पाणी पाजायला नाल्यावर गेला. तो दिसेनासा झाल्यावर मी उठलो आणि तिला सायकलजवळ बोलावलं. मागचं चाक उचललं, मोटर सुरू केली, ब्रेक दाबला. पॅड घासत राहिले, चाक फिरत राहिलं, अडखळत, पण फिरत. त्या दिवशी ही अशी होती, मी म्हटलं. तारा मी काढल्या होत्या, आणि तुम्ही दुकानात यायच्या आधी मीच जोडल्या.

तिने स्वतः हात पुढे करून ब्रेक दाबला. सोडला. पुन्हा दाबला. मी मूठ सोडल्यावर चाक थांबलं.

"दादा, तुमच्या दुकानात हे चाक थांबलं तेव्हा मला वाटलं, मीच खोटी," ती म्हणाली. "मग मी तसंच मानून घेतलं. देवासमोर उभी राहून सांगितलं."

चुकलं, असं काहीतरी पुटपुटलो.

"हे घरी असताना का नाही सांगितलंत?" तिने नाल्याकडे पाहत विचारलं.

तुम्हीच त्यांना सांगा, असं म्हणायला तोंड उघडलं, पण तिने ते आधीच ओळखलं.

"मी सांगितलं तर म्हणतील, आता मिस्तरीवर ढकलते. रविवारी दहाला प्रार्थना असते. मी उभी राहिले तिथे तुम्ही उभे राहा, आणि तुमच्या तोंडाने सांगा."

मी येतो म्हटलं. तिने मान हलवली आणि माझं ताट उचलून घासायला नेलं. रुबेनभाऊ परतला, हातात उपटलेले ताजे हरभरे. बायकोला द्या म्हणाला. मी ते घेतले, कॅरिअरला बांधले. फरशी पुलापर्यंत तो माझ्याबरोबर चालत आला, आई कुठे पडली ती जागा त्याने दाखवली, आणि सांभाळून जा म्हणाला. तिथेही मी बोललो नाही.

चढावर बॅटरी लवकर उतरली. खांडबाऱ्यापासून पुढे नुसतं पायडल मारत आलो. मोटरशिवाय ही सायकल फार जड लागते. संध्याकाळी घरी पोचलो, हरभरे बायकोच्या हातात दिले. गिऱ्हाईकाने दिले, म्हटलं.

त्यानंतर चार रविवार गेले. पहिल्या रविवारी अंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून दुकानापर्यंत गेलो आणि शटर अर्धं ओढून दुपारपर्यंत आत बसलो. पुढच्या तिन्ही रविवारी घरातूनच निघालो नाही. प्रवासात माणूस काहीतरी शिकून येतो म्हणतात. मी एवढंच शिकलो की एका बाईला एकांतात खरं सांगणं सोपं असतं, कारण ते दुसऱ्या कुणाला कळत नाही. हे लिहिणंही तसंच आहे. तिच्या गावात हे कुणी वाचणार नाही.

एस्तेरबाईच्या हातून सासू गेली नाही, माझ्या हातून गेली, हे तिच्या नवऱ्यासमोर आणि तिच्या मंडळीसमोर उभं राहून सांगणं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.