अर्धा ब्राउन ससा

वसुधाताई पहिल्या भेटीत नाव विचारायच्या नाहीत, पदर उलटा करून बघायच्या. लंडनला वेम्बलीच्या देवळात ओळखदेख नसताना माझ्या पैठणीचा काठ त्यांनी पालथा केला आणि म्हणाल्या, "दोन्हीकडून सारखी. खरी आहे हो." मला रागच आला. पुढे कळलं की बाई आमच्याच गल्लीत राहतात, मग चहापाणी सुरू झालं आणि राग कुठल्या कुठे गेला.

हॉस्पिटलात पेशंटना भूल देण्यात त्यांची सगळी हयात गेली. रिटायर झाल्यावर एका म्यूझियममध्ये त्यांनी इजिप्तच्या प्राचीन कॉप्टिक ख्रिश्चनांचा अंगरखा पाहिला. साधं लिनन, खांद्यावर लोकरीची गोल नक्षी आणि तिच्यात पळणारा ससा. "भरतकाम नाही गं, विणतानाच भरलाय. आपल्या पैठणीसारखा." झालं, तोच ससा जांभळ्या लोकरीत विणायचा म्हणून बाई क्रॉयडनला विणकामाच्या क्लासला जायला लागल्या.

एकदा क्लासमधून त्या थेट माझ्याकडे आल्या. चहा निवला तरी कपाला हात नाही. शेवटी म्हणाल्या, "टीचर म्हणते, अर्धा ससा ब्राउन झालाय. मला तर सगळा जांभळाच दिसतो. आईचंही असंच सुरू झालं होतं." त्यांची आई शेवटी लेकीलाही ओळखत नव्हती.

"बेसिंगस्टोकला मुलाला कळवू नकोस, तो मला उचलूनच नेईल," असं त्यांनी मला बजावलं. जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, नाव काढू देईनात. मी म्हटलं, निदान डोळे तरी तपासा, आणि जवळजवळ ओढतच नेलं. निघाला मोतीबिंदू; त्यात म्हणे जांभळा आणि ब्राउन सारखेच दिसतात. ऑपरेशन थिएटरात उभा जन्म काढलेल्या बाईला तो सुचलाच नव्हता, भीतीने इतकं घेरलं होतं.

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघताच त्यांनी ससा मागितला. नव्या डोळ्यावर हात ठेवून पाहिला, मग जुन्यावर ठेवून. परत तसंच. "जुन्या डोळ्याने सगळा एकच दिसतो. नव्याने मागचे पाय ब्राउन." त्यांनी ससा मांडीवर ठेवला. "म्हणजे डोकं ठीक आहे गं माझं. नुसता डोळाच होता." आम्ही दोघी सोफ्यावर बसून मनसोक्त रडलो.

दुसरा डोळाही झाला. मला वाटलं, आता त्या ब्राउन भाग उसवतील. त्यांनी उरलेला ससा जांभळा पुरा केला, मागचे पाय तसेच ठेवले. यंदा त्या स्वतःच्या मर्जीने मुलाकडे राहायला गेल्या. निघताना ससा माझ्या हातात दिला आणि सवयीने उलटा करून दाखवला.

"मागूनही ब्राउनच," त्या म्हणाल्या. "खरा आहे हो."