मागे पडणारा हात

काल हेडफोनच्या फाटलेल्या गाद्या बदलल्या आणि नव्या रेक्झिनच्या वासाने डिचोलीतलं ते दुकान आठवलं. गेम आणि गाणी, दोन्हींसाठी मला बंद कपांचा एकच हेडफोन हवा होता. दुकानदाराने लाल दिवे लागणारा पुढे केला, "गेमिंगाक सगळे ह्योच घेवन जातत." मी फोनवर आमच्या घरच्या चतुर्थीच्या आरतीचं रेकॉर्डिंग लावलं, तिच्यात काका मातीचं घुमट हाताने वाजवतो आणि मी शामेळ, काठ्यांनी वाजवायचा छोटा नगारा. घुमट एवढं घुमलं की माझं शामेळ ऐकूच येईना. दुसऱ्या-तिसऱ्यात झांजा कानाला टोचल्या. दुकानदार कंटाळला, पण मी हललो नाही. चौथा चढवला तसा बाहेरच्या बसगाड्यांचा गोंगाट मिटला. फोनवरच्या गेममध्ये पाठीमागची पावलं नेमकी डावीकडून आली, आणि आरतीत माझी काठी प्रत्येक ठेक्याला किंचित उशिरा पडताना ऐकू आली. "तुझो हात मागे पडता," असं काका कित्येक वर्षं सांगायचा आणि मी वाद घालायचो. मी तोच हेडफोन घेतला, आणि रोज ती आरती कानात लावून उशीवर काठ्या आपटू लागलो. यंदाच्या चतुर्थीला माझी काठी काकाच्या घुमटाबरोबर नेमकी ठेक्यावर पडली. त्याने पुढची आरती थोडी जलद धरली.