वाळ्याच्या खोलीतली जांभळी

आफ्रिकन व्हायोलेट हे नाव मी फार पुढे ऐकलं. ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची, महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील तेव्हाची. नांदुऱ्याच्या आमच्या घरात त्या झाडाला नुसतं जांभळी म्हणत. स्टेशनमास्तरांची बदली झाली तेव्हा त्यांच्या बायकोनं माझ्या वहिनीला एकच पान दिलं होतं, देठासकट. वहिनीनं ते ओल्या वाळूत खोचलं आणि दीड महिना त्याच्याकडे अशी बघत बसली की दादाला जेवायला वाढायचं विसरायची. मग बुडाशी इवली पानं फुटली, आणि पुढच्या वर्षी फुलं आली.

जांभळीचे लाड तर विचारू नका. पानावर पाणी पडलं की डाग पडतो, म्हणून पाणी कुंडीखालच्या बशीत ओतायचं. ऊन नको, वारा नको. वैशाखात आमच्याकडे दाराच्या कडीला हात लावता येत नाही, तेव्हा कुंडी मधल्या खोलीत जायची, जिथे वाळ्याचा पडदा भिजवून लावलेला असे. त्या वर्षी वहिनीही तिथेच होती. सातवा महिना होता. आधीचं एक पोट पाचव्यातच पडलं होतं, म्हणून आई तिला खाटेवरून उतरू देत नव्हती. पडदा भिजवणं आणि जांभळी सांभाळणं माझ्या गळ्यात पडलं. मी तेरा वर्षांची, कामचुकार, आणि खरं सांगायचं तर मला दोघींचाही राग यायचा.

एके दिवशी देठांच्या बेचक्यात कापसासारखी पांढरी कीड दिसली. वहिनी म्हणाली, रिठ्याच्या पाण्यात बोळा बुडवून रोज एकेक देठ पूस. मी तीन दिवस पुसले. चौथ्या दिवशी कीड तेवढीच. आमच्या घरी कपाशीची कीड कोणी बोळ्यानं पुसत नसे. काकांच्या कोठीत गेल्या हंगामातला औषधाचा डबा होता. पराटीवर, कपाशीच्या झाडांवर, एकदा फवारलं की सगळं साफ, हे मी कळायला लागल्यापासून ऐकत आले होते. वहिनी जेवून झोपली होती. मी डास मारायच्या फवारणीच्या हातपंपात ते औषध भरलं. पाणी किती घालायचं ते माहीत नव्हतं, म्हणून थोडंच घातलं. पानं ओली होऊ नयेत म्हणून लांबून, हवेतच मारलं. मग गारवा जाऊ नये म्हणून दार ओढून घेतलं.

तासाभरानं पडदा भिजवायला गेले. खिडकीत माश्या उताण्या पडल्या होत्या. फोटोमागे घरटं केलेली चिमणी जमिनीवर पंख थरथरवत होती. माझं डोकं ठणकायला लागलं. मी घाबरले, आणि घाबरून काय केलं, तर माश्या झाडून काढल्या आणि चिमणी परकरात गुंडाळून उकिरड्यावर टाकून आले. वहिनीला उठवलं नाही.

संध्याकाळी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. आई म्हणाली, ऊन बाधलं. दिवेलागणीला हातपाय वाकडे होऊन झटके यायला लागले तेव्हा डॉक्टरांना आणलं. त्यांनी तिचे डोळे पाहिले, खोलीत इकडे तिकडे वास घेतला आणि विचारलं, "घरात कोणी औषध फवारलं काय?"

"नाही बा," काका म्हणाले, "डबा तं कोठीत बंद हाये."

मग डॉक्टरांनी गरोदरपणातली आकडी समजून उपचार केले. मी दाराला धरून उभी होते. काहीच बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी पोर मेलेलंच जन्मलं. मुलगी होती. वहिनी वाचली आणि महिन्याभरानं माहेरी, जळगाव जामोदला गेली.

जांभळीवरची कीड मात्र गेली. श्रावणात जांभळी फुलांनी अशी भरली की शेजारच्या बाया बघायला यायच्या. मला त्या खोलीत पाय टाकायची भीती वाटायची, तरी बशीत पाणी मीच ओतत होते.

वहिनी परत आली त्या दुपारी तिनं मला त्याच खोलीत बोलावलं. रागावलेली नव्हती. तेच मला सहन होईना.

"पंपाचा आवाज मले झोपेत आला होता," ती म्हणाली. "डॉक्टरनं इचारलं तवा माह्या तोंडातून शब्द निघत नव्हता. तुह्या तं निघत होता. काऊन नाही बोलली?"

दुसरं काही कारण सापडेना, म्हणून होतं तेच सांगितलं.

"मार पडन म्हणून."